कपाटातल्या ओव्या

महाविद्यालयांच्या मराठी विभागांत एक वाक्य वारंवार कानी पडते. जुन्या वार्षिकांकांविषयी, एखाद्या संशोधन प्रकल्पाविषयी किंवा क्षेत्रीय अभ्यासातून जमविलेल्या लोकगीतांविषयी विचारणा केली की उत्तर मिळते, ‘सगळे हार्डडिस्कवर आहे.’ हे सांगताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचे जे समाधान असते ते आमच्या चांगले परिचयाचे आहे, कारण कित्येक वर्षे ते आमच्याही चेहऱ्यावर होते. आमचे आजचे म्हणणे असे की, हार्डडिस्कवर असणे आणि जतन होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि त्यांतील अंतर ओळखण्याची जबाबदारी संगणक विभागावर ढकलून साहित्याच्या अध्यापकांना मोकळे होता येणार नाही.

ज्या घटनेमुळे हे लिहावेसे वाटले ती आधी सांगतो. आमच्यापैकी एक जण बारामतीस शिकवितो, एक जण इंदापुरास. २०११ ते २०१३ या काळात आम्ही आपापल्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना जात्यावरच्या ओव्या, धनगरी ओव्या, भारुडे, गौरीची गाणी ध्वनिमुद्रित करण्याच्या कामाला लावले होते. बारामती तालुक्यातील जिरायती वाड्यांपासून नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंगपूरच्या परिसरापर्यंत मुले हिंडली. कोणी मोबाइलवर, कोणी उसन्या रेकॉर्डरवर, मिळून सुमारे चाळीस तासांचे ध्वनिमुद्रण झाले. ते सारे ५०० जीबीच्या एका पोर्टेबल हार्डडिस्कवर एकत्र केले. मूल्यांकनासाठी आलेल्या समितीपुढे ती डिस्क ठेवली, सदस्यांनी ती हातात घेऊन पाहिली (चालू करून पाहिली नाही, हे नमूद केले पाहिजे), आणि मग ती विभागाच्या लोखंडी कपाटात प्रबंधांच्या शेजारी विराजमान झाली. शिपाईमामांनी जुन्या पुस्तकांची घ्यावी तशी तिचीही काळजी घेतली, म्हणजे तिच्या दोन बाजूंना दोन डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आम्ही हसलो. पण त्यांच्याहून अधिक शहाणपणाचे आम्ही तरी काय केले होते?

२०२२ च्या उन्हाळ्यात एक माजी विद्यार्थिनी आली. त्या संग्रहात तिच्या आजीचा आवाज होता आणि आजी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. डिस्क संगणकाला जोडली. दिवा लागला, आतून टक् टक् असा आवाज काही वेळ येत राहिला आणि थांबला. पुढे पुण्यातील एका दुरुस्ती केंद्राने बरेच पैसे घेऊन निम्म्याहून कमी ऐवज बाहेर काढून दिला. तोही कसा, तर फाइलींची नावे पुसलेली, त्यांचा क्रम मोडलेला. कोण गाते आहे, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, याचा पत्ता नाही. कारण ती यादीही त्याच डिस्कवर होती. आजीच्या ओव्या मिळाल्या त्या वेगळ्याच ठिकाणी. ज्या विद्यार्थ्याने त्या मुद्रित केल्या होत्या तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. त्याच्या बंद पडलेल्या फोनमधील कार्डावर त्या राहून गेल्या होत्या. तेही योगायोगाने. बाकीच्या बायकांच्या वाट्याला असा योगायोग आला नाही.

या प्रसंगानंतर आम्ही स्वतःला एक प्रश्न विचारला. पाठचिकित्सा शिकविणाऱ्या, हस्तलिखितांच्या प्रती कशा वाढतात आणि कशा नष्ट होतात हे वर्षानुवर्षे फळ्यावर मांडणाऱ्या माणसांना एकच प्रत एकाच कपाटात ठेवण्यात काही गैर वाटले नाही, हे कसे?

आम्हांला सुचलेले उत्तर असे आहे. जतनाची आपली कल्पना उपेक्षा सोसणाऱ्या साधनांवर पोसलेली आहे. शिलालेख, ताम्रपट, हातकागदावरची पोथी ही सारी साधने दुर्लक्ष सहन करतात. इंदापूर तालुक्यात भिगवणच्या पुढे सोलापूर रस्त्यावर पळसदेव लागते. उजनी धरणाच्या फुगवट्यात जुने गाव गेले, लोक वर वसले. पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र पाण्यातच राहिले. अवर्षणाच्या एखाद्या उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक होड्यांतून किंवा पायी जाऊन त्याच्या खांबांवरचे शिल्प पाहतात. चार दशकांहून अधिक काळ पाण्याखाली जाऊन-येऊन असलेला दगड अजून वाचता येतो. लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेली पोथीही, वाळवीने आणि उंदरांनी दया दाखविली तर, दोनशे वर्षांनी उघडता येते. ‘ठेवणे’ आणि ‘जपणे’ ही क्रियापदे आपल्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सहज येतात, त्याच्या मुळाशी हा अनुभव असावा.

हार्डडिस्क या कुळातली नाही. तिच्या आत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि त्यांवरील चुंबकीय खुणा वाचणारे हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. म्हणजे ती वस्तू पुस्तकापेक्षा घड्याळाला जवळची. न वापरता ठेवली तरी तिचे वय होतच असते. खुणा कदाचित दीर्घकाळ टिकतील, पण मोटरच्या बेअरिंगमधील वंगण, हेडचा नाजूक सांधा, वरचा विजेचा पट्टा यांपैकी एकाने असहकार पुकारला की त्या खुणांपर्यंत पोहोचण्याची वाट बंद. रोजच्या वापरातील डिस्क साधारणतः तीन ते पाच वर्षांनी बदलावी असा संकेत आहे. आमची नऊ वर्षे कपाटात होती, आणि ते कपाट वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला टेकून होते. बारामतीचा एप्रिल-मे ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

येथे कोणी म्हणेल की, आता बिनतबकडीच्या एसएसडी आल्या आहेत, त्यांत फिरणारे काही नाही, तेव्हा त्या घ्याव्यात. कामासाठी जरूर घ्याव्यात. वर्षानुवर्षे ठेवून देण्यासाठी घेऊ नयेत. त्यांत मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने साठविलेला असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू गळतो. वापराची मर्यादा गाठलेल्या सामान्य एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेवाचून एक वर्ष मजकूर धरून ठेवावा, एवढीच अपेक्षा जेडेक या उद्योगमानकात आहे. नव्या एसएसडीची स्थिती याहून पुष्कळ चांगली असते हे खरे. पण उष्णता वाढली की ही मुदत घटते. पेनड्राइव्हविषयी तर बोलूच नये. (तरीही पीएच.डी.चे प्रबंध आजही पेनड्राइव्हवरच सांभाळले जातात.)

मग जतन म्हणजे काय? याचे उत्तर आपल्याच अभ्यासविषयात फार पूर्वी दिलेले आहे. पोथीच्या शेवटी लेखनिक जी पुष्पिका लिहितो तीत पुष्कळदा पोथीच वाचकाला विनविते, की मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. वर्गात आम्ही हे गमतीने सांगत आलो. आज वाटते, हार्डडिस्कच्या वेष्टनातील सूचनापत्रकात याहून वेगळे काही नसते. पण त्या पुष्पिकेपेक्षाही महत्त्वाचे आहे ते पुष्पिका लिहिण्याचे निमित्त, म्हणजे नक्कल. मोरोपंत (१७२९–१७९४) याच बारामतीत, कऱ्हेकाठी, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहिले आणि त्यांनी एवढी प्रचंड रचना केली, ती छापखाना महाराष्ट्रात रुजण्यापूर्वी. कीर्तनकार-पुराणिकांनी आर्या पाठ केल्या, उतरवून घेतल्या, गावोगाव नेल्या. पंतांचे काव्य एका कपाटावर कधीच अवलंबून नव्हते. तुकोबांच्या गाथेची आख्यायिका बाजूला ठेवली तरी संताजी जगनाडे यांच्यासारख्यांच्या वह्या ही तर वस्तुस्थितीच आहे.

उलट उदाहरण लीळाचरित्राचे. म्हाइंभटांच्या मूळ ग्रंथाची प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि नंतर महानुभाव मंडळींनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्याचे निरनिराळे पाठ आपण आजही अभ्यासतो. स्मरणशक्ती ही त्यांची दुसरी प्रत होती. आमच्या ओव्यांना ती दुसरी प्रतही उरली नाही, कारण गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या आणि पिठाच्या गिरण्यांनी जाती केव्हाच कोनाड्यात बसविली.

जात्यावरच्या ओव्यांचाच विषय निघाला म्हणून एका थोर कामाचा उल्लेख केला पाहिजे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. हातांनी लिहिलेल्या कागदांवरून त्या संगणकावर आल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण डॅट या अंकीय फितींवर केले. आता पाहा. सोनी कंपनीने डॅटची यंत्रे बनविणे २००५ मध्ये थांबविले. संगणकावरील देवनागरी मजकूर सी-डॅकच्या आयएसएफओसी या संकेतप्रणालीत होता, जो पुढे कोणत्याही सर्वसाधारण संगणकावर वाचता येईना. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. वस्तुतः हा संग्रह मरण्यासाठी सारी सामग्री सिद्ध होती. तो मेला नाही, कारण त्याच्या प्रती गुरगावच्या लोकसंगीत-संग्रहालयात आणि फ्रान्समधील अभ्याससंस्थेत गेल्या, फितींवरील आवाज फाइलींत उतरविले गेले, मजकूर चिकाटीने युनिकोडमध्ये आणला गेला, आणि २०१७ पासून ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, तो टप्प्याटप्प्याने वाचकांसमोर ठेवला. दर दहा-पंधरा वर्षांनी कोणीतरी तो जुन्या साधनावरून नव्या साधनावर उचलून ठेवला, म्हणून निमगाव केतकीची ओवी आज ऐकू येते. आमच्या डिस्कवरची येत नाही.

तेव्हा आम्ही आता काय करतो ते थोडक्यात सांगतो. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत वेगळ्या गावी. आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वेळी खरेदी केलेल्या डिस्क घेतल्या, कारण एकाच घाण्यातल्या डिस्क एकदमच बिघडण्याचा संभव अधिक. एक बारामतीस, दुसरी पन्नासेक किलोमीटरवर इंदापुरास. तिसरी प्रत ऑनलाइन. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, झाकणाच्या डब्यात ठेवतो. डबा तळमजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात, चुंबकापासून आणि यूपीएसपासून दूर. केबल त्याच डब्यात, कारण पाच वर्षांनी डिस्क सापडते आणि तिची केबल सापडत नाही. चालू असताना ती हलवायची नाही, ‘इजेक्ट’ केल्यावाचून काढायची नाही. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि खंडेनवमीला, दोन्ही डिस्क जोडून सगळ्या फाइली तपासायच्या. खंडेनवमीला शेतकरी औत-अवजारे पुसून पूजतो, त्याच दिवशी आपणही आपले अवजार बाहेर काढावे, यात आम्हांला काही वावगे वाटले नाही. शिवाय तिथी विसरता येत नाही.

फाइली तपासायच्या म्हणजे डोळ्यांनी नव्हे. प्रत्येक फाइलीचा चेकसम नावाचा एक अंक संगणक काढून देतो. फाइलीतील एक ठिपका जरी बदलला तरी तो अंक बदलतो. दोन प्रतींचे अंक आरंभी नोंदवून ठेवलेल्या अंकाशी ताडून पाहिले की कोणती प्रत भ्रष्ट झाली ते कळते. पाठभेद नोंदविण्यात ज्यांनी आयुष्य घातले त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. आमच्या मते तर एम. ए.च्या पाठचिकित्सेच्या तासाला हे शिकविले पाहिजे. ध्वनी शक्यतो वेव्ह स्वरूपात, लेखन युनिकोडमध्ये ठेवावे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटांत अडकलेला मजकूर आज फाँट हाताशी आहे तोवर सोडवून घ्यावा. आणि कुलूप घालू नये. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भाव्यांसारख्यांच्या हाती किल्ली येईपर्यंत मराठी गद्याचा केवढा ठेवा बाहेरच्या जगाला अज्ञात राहिला. सेवानिवृत्त विभागप्रमुखांनाच ठाऊक असलेला पासवर्ड ही आमच्या काळची सकळ लिपी आहे, आणि तिच्यासाठी कोणी राजवाडे येणार नाहीत.

‘क्लाउडवर टाका की’, असे तरुण सहकारी म्हणतात. टाकतोच. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या कपाटातील डिस्क, एवढे लक्षात ठेवून. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट २०१४ मध्ये. याहू ग्रुप्सवरील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, ज्यात मराठी मंडळींच्या कितीतरी चांगल्या वाङ्मयीन चर्चा होत्या, २०१९ च्या अखेरीस पुसला गेला. शिक्षणसंस्थांना गूगलने दिलेली अमर्याद जागाही २०२२ पासून मर्यादित झाली. बहुतेक विभागांचे खाते तर एका प्राध्यापकाच्या खासगी ईमेलला जोडलेले असते. बदली किंवा निवृत्ती झाली की विषय संपला.

आमच्या काही मित्रांचा आक्षेप आहे की, हे ग्रंथपालांचे किंवा संगणक सहायकाचे काम आहे. अध्यापकाने अर्थनिर्णयन करावे. आम्हांला हे पटत नाही. डिस्क बंद पडली हे संगणक सहायक सांगेल. पण सत्तेचाळीस क्रमांकाच्या फाइलीतील ओवी आणि एकसष्ट क्रमांकाची ओवी एकाच बाईची आहे, दुसरीत माहेरच्या गावाचे नाव बदलले आहे आणि तो बदल अर्थपूर्ण आहे, हे त्याला कसे कळावे? प्रत्येक फाइलीसोबत गाणारीचे नाव, गाव, तारीख, मुद्रित करणाऱ्याचे नाव आणि तिची संमती यांची नोंद हवी, आणि ती नोंद कागदावरही हवी. आम्ही ती खतावणीच्या एका जाड वहीत करतो. हे वाङ्मयीन काम आहे. खर्चाची सबब तर कोणी सांगूच नये. एका चर्चासत्रात वाटल्या जाणाऱ्या शालींच्या पैशात एक डिस्क येते.

दुरुस्ती केंद्रातून परत आलेल्या फाइलींपैकी बऱ्याच अजून निनावी आहेत. गेली दोन वर्षे आम्ही त्या घेऊन जुन्या गावांत जातो, पारावर किंवा एखाद्या ओसरीवर ऐकवितो. तिघींची नावे अशी कळली. एका गावी आवाज सुरू होताच एक म्हातारबा म्हणाले, ‘बंद करू नका, आमची थोरली भावजय हाय ती,’ आणि पुढची ओवी त्यांनीच म्हणून दाखविली. ती डिस्कवर नव्हती. आम्ही ती लिहून घेतली, मुद्रित केली आणि वहीत त्या तिघींच्या नोंदींखाली तारीख घातली.